खिडकीवाल्याची होडी

शहापूरला एस्टी स्टँडच्या मागच्या गल्लीत ‘खिडकीवाला काळूराम’ विचारलं, की चहावाला हातातली किटली खाली न ठेवता नुसत्या हनुवटीने दुकान दाखवायचा. आधी हा माणूस पत्र्याच्या ट्रंका आणि भाताच्या कोठ्या करायचा. मग एक्याण्णव-ब्याण्णवच्या सुमाराला लोकांना सरकत्या खिडक्यांचं वेड लागलं. लाकडी खिडक्या चुलीत गेल्या, ॲल्युमिनियमच्या आल्या आणि काळूराम खिडकीवाला झाला. सकाळी डोळखांबकडच्या त्याच्या गावातून पहिल्या एस्टीने यायचं, संध्याकाळी परत जायचं. मधल्या वेळात खिडक्या.

त्याच्या कामातली एक गोष्ट आधी सांगून टाकतो. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पावसाचं पाणी साचतं. ते बाहेर जायला पट्टीला दोन भोकं पाडावी लागतात, डावीकडून चार बोटांवर एक आणि उजवीकडून चार बोटांवर एक. नवशिके विसरतात आणि मग पावसाळ्यात गिऱ्हाईक भिजलेली भिंत घेऊन भांडायला येतं. काळूराम कधी विसरला नाही. पट्टी हातात आली, की डोकं कुठेही असो, हात ड्रिलकडे जायचा. ही दोन भोकं लक्षात ठेवा.

काळूरामला एक धाकटा भाऊ होता, मंगळू. थोरला पत्र्यात रमलेला, धाकटा पाण्यात. गावापासून अर्ध्या तासावर धरणाचं पाणी. मंगळू तिथल्या मच्छीमार सोसायटीचा सभासद होता. होडी मात्र त्याच्याकडे नव्हती. तिकडे बहुतेकांकडे नसायचीच. ट्रकच्या चाकाची जुनी ट्यूब घ्यायची, हवा भरायची, वर एक फळी बांधायची, फळीवर बसायचं आणि हाताने पाणी मारत जाळ्यापर्यंत जायचं. बायकापोरांचा माणूस असा हवेच्या पिशवीवर बसून रोज जायचा. कुणाला त्यात काही वाटायचं नाही.

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात मंगळू दुकानात आला आणि खडूने भिंतीवर एक होडी काढली. “दादा, मला अशी करून दे. तळ सपाट पायजे. धरणात आपल्या जुन्या आंब्याजांभळांचे खुंट हायेत पाण्याखाली. गोल तळाची होडी अडकते. ही परातीसारखी वरून सरकंल.”

काळूरामने चित्राकडे बघितलं. त्याला पटलंही. पण शाळेच्या बावीस खिडक्यांचं काम अंगावर होतं. “दिवाळीनंतर बघू,” तो म्हणाला.

दिवाळी आली, गेली. मग दुसरं काम आलं. मंगळू दर दोन महिन्यांनी विचारायचा आणि हा दर वेळी पुढचा सण सांगायचा. भिंतीवरच्या होडीसमोर पत्रे रचले गेले. पंच्याण्णवच्या भादव्यात मंगळूची ट्यूब पाण्याखालच्या एका खुंटाला लागून फाटली. तो पट्टीचा पोहणारा, पण पाय स्वतःच्याच जाळ्यात गुरफटला.

दोन दिवस मंगळू सापडला नाही. आपल्याकडे अशा वेळी होडीत कोंबडा घेऊन पाण्यावर फिरतात, कोंबडा आरवेल तिथे माणूस आहे म्हणतात. होडी कुठली! दोन ट्यूबी एकमेकींना बांधल्या, वर फळी टाकली आणि फळीवर कोंबडा बांधला. तो बिचारा भिजून काकडला, आरवलाच नाही. काठावर कुणीतरी बोलून गेलं, “एक होडी असती तर.” काळूराम शेजारीच उभा होता. त्याने मान हलवली, जसं काही परक्या गावातल्या कुणाचं बोलणं चाललंय. तिसऱ्या दिवशी मंगळू आपला आपण वर आला.

सगळं घर रडलं. काळूराम रडला नाही. लाकडं त्याने आणली, अग्नी त्याने दिला, पाहुण्यांना चहा मिळाला का ते त्याने बघितलं. दहाव्याहून परत येताना त्याने विचारलं, “त्या कोंबड्याचं काय केलं रे?” लोक एकमेकांची तोंडं बघत राहिले. तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी तो दुकानात गेला. पत्र्याचं काळीज आहे, असं बायका नळावर म्हणाल्या. मेल्या बोलण्यात कधी कमी पडल्यात?

खरं सांगायचं तर काळूरामलाही तेच वाटायचं. आपल्याला दुःख व्हायला पाहिजे हे त्याला कळत होतं आणि ते होत नव्हतं. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय जसा आपला राहत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं आतून झालं होतं. हातोडी अंगठ्यावर बसली तरी ओरडायचा नाही. मुलीचं लग्न झालं, ती सासरी निघाली, सगळे डोळे पुसत होते आणि हा मांडवाचे बांबू मोजत होता. त्याच्या बायकोने, जयाने, एकदा मुद्दाम आमटीत मीठच घातलं नाही. गडी दोन वाट्या प्यायला, हात धुतले आणि झोपला. जया चुलीपाशी बसून राहिली. ही आमटी बिनमिठाची आहे असं तो म्हणेल आणि आपण भांडू, एवढीच तिची अपेक्षा होती.

मंगळूची बायको हौसा त्याच घरात राहत होती. सोसायटीत नवऱ्याच्या जागी तिने नाव लावून घेतलं आणि नवी ट्यूब आणून त्याच धरणात जाळी टाकू लागली. सकाळी चिलापी माशांची टोपली घेऊन यायची. थोरला दीर आणि धाकटी भावजय, तोंडावर बोलायची रीत नाही. काही सांगायचं तर जयाच्या मार्फत, “ताई, दादांना सांग.” नऊ वर्षांत दोघं एकमेकांशी नीट दहा वाक्यं बोलले नसतील. हौसा तरी आतून काय होती कोण जाणे. ती कामातून मान वर करायची नाही.

दोन हजार चार सालच्या पावसाळ्याच्या अखेरीला जयाला मागच्या कुंपणावर वाळत टाकलेली ट्यूब दिसली. हातभर फाटलेली. तिने हौसाला धरून विचारलं तेव्हा ती म्हणाली, “खुंटाला लागली. आले मी पोहत. त्यात काय एवढं?” त्या रात्री काळूराम जेवायला बसला तेव्हा जयाने ताटाच्या शेजारी ती ट्यूब आणून आपटली.

“बघा.”

“फाटलीये,” काळूराम म्हणाला.

“फाटलीये काय फाटलीये! एक गेला तो पुरला नाय का? होडी करा तिला. आणि दिवाळीनंतर म्हणालात ना, तर ह्या घरात चूल पेटायची नाय, सांगून ठेवते.”

काळूरामने घास गिळला. “बरं,” तो म्हणाला. नऊ वर्षं तो सगळ्यालाच बरं म्हणत आला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातल्या भिंतीसमोरचे पत्रे बाजूला केले. खडूची होडी पुसट झाली होती, पण होती. शेजारी मंगळूच्या अक्षरात लिहिलेलं, ‘आठ हात लांब, एक हात उंच’. काळूराम टेप घेऊन उभा राहिला. काही वाटतंय का ते त्याने थांबून पाहिलं. नाही. मग त्याने माप वहीत उतरवलं, आठ हात म्हणजे बारा फूट. पत्रा चार फूट रुंद मिळतो म्हणून तळ चार फूट.

आधी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याने वीतभर होडी केली आणि पाण्याच्या पिंपात सोडली. आत पत्रे जोडायची रिबिटं मूठमूठ टाकत गेला आणि किती वजनाला किती खाली जाते ते बघत गेला. चहावाला बघायला आला. “काय रे, या वयात खेळणी?” काळूराम म्हणाला, “होय.” आता असल्या माणसाची चेष्टा तरी कशी करायची?

मग मोठा पत्रा आला. तीन मिलिमीटरचा, चांगला जाड. पुढचा भाग वर उचलून घ्यायचा होता, म्हणजे होडी काठावर नाक टेकवू शकते. दोन सागाच्या फळ्यांमध्ये पत्रा दाबून लाकडी हातोड्याने तो दिवसभर ठोकत बसायचा. बाजूचे पत्रे थोडे बाहेर कललेले, आतून आडव्या पट्ट्या. सगळं बेतून तुकडे टेंपोत घातले आणि मुरबाडला नेले, कारण ॲल्युमिनियमचं वेल्डिंग साध्या मशीनवर होत नाही. तिथे वाळू नावाचा जुना दोस्त होता, एमआयडीसीत एका शेडमध्ये आर्गनचं वेल्डिंग करायचा. वाळूने दोन दिवस काचेआड डोळे घालून शिवणी मारल्या. मग नळी लावून सगळी होडी आतून पाण्याने भरली आणि खालून वर्तमानपत्र पसरलं. तासाभराने कागद कोरडा ठणठणीत.

“थेंब नाय,” वाळू म्हणाला. “काळू, लेका, तू आयुष्यभर खिडक्या काय करत बसलास?”

होडी शहापूरला परत आली आणि आतल्या जोडणीचं काम सुरू झालं. बसायला दोन आडव्या पेट्या, त्यांच्या पोटात थर्माकोल ठासून भरलेला. होडी पाण्याने भरली तरी बुडू नये म्हणून. कडेला रबरी नळी चिरून बसवली, जाळं घासू नये म्हणून. पुढे दोराला कडी. तळावर फळ्या. हे सगळं हौसाला दाखवायला जया तिला दुकानात घेऊन आली.  कमरेला खोचलेला जाळ्याचा तुकडा हौसाने काढला आणि होडीच्या आतून कानाकोपऱ्यातून फिरवायला लागली. जिथे जाळं अडकायचं तिथे ती खडूने फुली मारायची. सतरा फुल्या झाल्या. काळूराम मागून कानस घेऊन एकेक फुली गुळगुळीत करत गेला. शेवटी हौसा जयाला म्हणाली, “ताई, दादांना सांग, फळ्यांवर गोणपाट टाका. पाय वाजला की मासं पळतं.”

“बरं,” काळूराम म्हणाला.

आणि जाता जाता तिने मागच्या पाटीला, म्हणजे होडीची मागची बाजू बंद करणाऱ्या उभ्या पत्र्याला, हात लावून जरा हलवलं. पाटी थोडी लवत होती. “ही घट्ट पायजे, मीच बसणार मागं,” ती जयाला म्हणाली.

हे सांगून त्या गेल्या, आणि इथे घात झाला. मागची पाटी घट्ट करायला काळूरामने काय घेतलं? खिडकीची उरलेली पट्टी. चांगली मजबूत, आयती. पाटीला आतून, तळाच्या दोन बोटं वर त्याने ती रिबिटांनी ठोकली. तेवढ्यात एक मास्तर वर्गाच्या खिडक्यांचं विचारायला आले. काळूराम त्यांच्याशी बोलत होता आणि हात आपलं काम करत होते. डावीकडून चार बोटं, ड्रिल. उजवीकडून चार बोटं, ड्रिल. पट्टीतून आरपार, पाटीतून आरपार. अरे काळूराम, होडी आहे ती! पाणी बाहेर जायला नाही, आत यायला भोकं पाडतोयस! पण सांगणार कोण? त्याने फुंकर मारून चुरा उडवला आणि वर गोणपाट अंथरलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होडी धरणावर नेली. नऊ वर्षांनी काळूराम त्या काठाला आला होता. सोसायटीचे दहा-पंधरा जण जमले. नारळ फुटला. रिकामी होडी दोराने धरून पाण्यात सोडली तर ती पाण्यावर अशी हलकी बसली की भोकं पाण्याच्या वरच राहिली. सगळ्यांनी वाकून बघितलं. थेंब नाही. वाहवा झाली.

हौसा वल्हं घेऊन निघाली तशी सोसायटीतला म्हातारा नवसू आडवा आला. “अहं! ज्यानं केली त्यानं आधी बसायचं. बैलगाडी असो नायतर होडी. काळूराम, चल बस.”

“मला पोहता येत नाय,” काळूराम म्हणाला.

“मग तर बसच. स्वतःच्या कामावर भरवसा नाय का?”

सगळे हसले. काळूरामने जयाकडे बघितलं. जयाने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “जा की. तिला वल्हवू दे.” मग तो बसला, मागच्या पेटीवर. हौसा पुढे, त्याच्याकडे पाठ करून, डोक्यावरचा पदर दातात धरून. मधे जाळ्याची ओली रास. होडी मागून चार बोटं खाली गेली. कुणाच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं.

होडी मात्र छान चालली. काठ मागे पडला, माणसं लहान झाली. काळूराम पाण्याकडे बघत होता आणि त्याला नेहमीसारखंच काही वाटत नव्हतं. इतक्यात तळाखालून ‘खर्रर्र’ असा आवाज आला. होडी कशावरून तरी घासत गेली, अडकली नाही, पुढे सरकली.

हौसाने वल्हं थांबवलं. पाठ तशीच. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याशी सरळ बोलली. “दादा, हाच तो खुंट. आमी मंगळूचा खुंट म्हणतो त्याला. बघा, वरून गेली. त्यांना अशीच पायजे होती.”

काळूरामने मान हलवली. मग त्याला पाय गार लागले. गोणपाट भिजलं होतं. त्याने ते उचललं तर फळ्यांच्या फटीतून पाणी वर येत होतं. आधी वाटलं, खुंटाने तळ चिरला. त्याने फळी काढली, मागच्या पाटीकडे बघितलं आणि दोन भोकांतून दोन धारा आत येताना त्याला दिसल्या. डावीकडून चार बोटं. उजवीकडून चार बोटं.

काळजाचं पाणी होणं म्हणजे काय ते त्या माणसाला तेव्हा कळलं. ही भोकं आपणच पाडली. आपल्याच हाताने. एकाला होडी दिली नाही म्हणून घालवला आणि हिला होडी देऊन घालवतोय. तो गुडघ्यांवर पडला, दोन्ही अंगठे दोन भोकांत दाबले आणि ओरडला, “हौसा! माघारी फिर गो! लवकर! पाणी येतंय, मी भोकं पाडलीत, मी पाडलीत! पोहता येतं ना तुला? तू उडी टाक, तू जा!”

हौसाने मागे वळून बघितलं.  नऊ वर्षांत ह्या माणसाचा आवाज चढलेला तिने ऐकला नव्हता.

“दादा,” ती म्हणाली, “पेटीत थर्माकोल हाय. तुमीच भरलाय. बुडत नाय आपली होडी.”

ते त्याला माहीत होतं. माहीत असून उपयोग काय! अंगठे भोकांत, तोंड पाटीकडे, आणि आतून काहीतरी सुटलं ते थांबेना. आधी नुसता घशातून आवाज आला. मग तो रडायलाच लागला. मोठ्याने, बायकांसारखा म्हणतात तसा, मंगळूचं नाव घेऊन. “मंगळ्या, बावीस खिडक्यांपायी रे,” एवढंच परत परत. नाक वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. हात काढला तर पाणी येणार. झिणझिण्या उतरताना पाय दुखतो तसं सगळं अंग दुखत होतं.

काठावरची माणसं हात हलवत होती, काय झालं म्हणून ओरडत होती. हौसाने वल्हं उचललं नाही. ते तिने मांडीवर आडवं ठेवलं, पुन्हा पुढे तोंड केलं आणि डोक्यावरचा पदर नीट ओढून घेतला. दिराचं रडणं भावजयीने बघायचं नसतं.

“रडा सावकाश,” ती म्हणाली. “मला घाई नाय.” तिचाही आवाज ओला झाला होता, पण ती वळली नाही. होडी मंगळूच्या खुंटाजवळ नुसती तरंगत राहिली.

बऱ्याच वेळाने दोघं काठाला लागले. अंगठे निळे पडले होते, जाळ्याची रास पाण्यात होती. नवसूने वाकून भोकं बघितली आणि कपाळावर हात मारला. “खिडकी केलीस होय रे, शहाण्या?” काळूराम रडलेल्या डोळ्यांनी हसला. भोकं बुजवायला त्याने लगेच पिशवीतून रिबिटं काढली. हौसा जयाला म्हणाली, “ताई, दादांना...” आणि तिथेच थांबली. मग सरळ त्याच्याकडे बघून म्हणाली, “दादा, बुजवू नका. बुचं करून द्या. संध्याकाळी होडी काठावर घेतली की पाणी काढायला बरं पडंल.” अजून त्या होडीला ती दोन लाकडी बुचं आहेत, दोरीने बांधलेली.

रात्री जयाने भात वाढला, वर आमटी घातली. काळूरामने पहिला घास घेतला, थांबला, आणि तोंड वाकडं केलं.

“किती मीठ घातलंस गो!”

जया पळी हातात धरून उभी राहिली. आमटीत मीठ नेहमीएवढंच होतं. ती खाली बसली, त्याच्या ताटातली वाटी स्वतःकडे ओढली आणि पदर तोंडात कोंबून रडू लागली.